72 चाचण्या, 4 लाल आकडे

नौपाड्यातल्या आमच्या शेजारच्या काकूंनी परवा एक जाडजूड फाइल माझ्यापुढे ठेवली. स्तनाच्या कर्करोगावरचे त्यांचे उपचार खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये, टाटा मेमोरियलच्या केंद्रात, झाले, त्यालाही वर्ष उलटलं. आता भाचीच्या आग्रहाखातर त्या एका 'एकात्मिक' सल्ला केंद्रात जाऊन आल्या. तिथे तासभर त्यांचं ऐकून घेतलं गेलं: झोप, भूक, पोट, रात्रीची धास्ती. ओपीडीच्या गर्दीत हे कुणाला जमणार? तेवढ्यापुरतं मला ते पटलं. पण मग 72 'फंक्शनल' चाचण्या झाल्या. चार आकडे लाल, म्हणजे 'नॉर्मल रेंज'बाहेर आले. त्यावर सहा बाटल्या गोळ्या, आणि दूध बंद.

"अरे, चार लाल म्हणजे आत काहीतरी चाललंय ना?"

मी कागद-पेन मागितलं.

नॉर्मल रेंज ठरवतात कशी? निदान 120 निरोगी माणसांचं रक्त तपासायचं, आकडे चढत्या क्रमाने मांडायचे, खालचे अडीच टक्के आणि वरचे अडीच टक्के छाटायचे. उरले ते 95 टक्के म्हणजे रेंज. ग्रॅसबेक आणि सारिस या फिनलंडच्या संशोधकांनी 1969 मध्ये 'नॉर्मल' हा शब्दच टाळून 'संदर्भ मूल्य' म्हणायला सुचवलं, ते उगाच नाही. छाटलेली माणसंही निरोगीच होती!

म्हणजे धडधाकट माणसाचा एक आकडा रेंजमध्ये येण्याची शक्यता 0.95. दोन चाचण्यांचे दोन्ही आकडे येण्याची 0.95 × 0.95, साधारण 0.90. असं वीस वेळा गुणलं की 0.36 उरतं, वीस चाचण्या केलेल्या शंभर निरोगी माणसांपैकी 64 जणांना निदान एक लाल आकडा मिळणारच. 72 वेळा गुणलं तर उरतं 0.025. सगळं काळं छापून येणं हाच अपवाद.

यावर जाणकार म्हणतील, चाचण्या स्वतंत्र कुठे असतात? हिमोग्लोबिन घसरलं की हिमॅटोक्रिटही (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) घसरतं. खरंय, त्यामुळे 0.025 हा आकडा बदलेल. पण लाल आकड्यांची सरासरी बदलत नाही, कारण बेरीज करताना परस्परसंबंध आड येत नाहीत: 72 × 0.05 = 3.6. (कोलेस्टेरॉलसारख्या काही चाचण्यांच्या मर्यादा छाटून नव्हे, धोका कुठे वाढतो ते पाहून ठरतात, त्यांना हा हिशेब लागू नाही.)

पत्रिकेतही कुठला ना कुठला ग्रह वाकडा सापडतोच. घरं पुरेशी असली की झालं.

कर्करोगतज्ज्ञ रक्त तपासतात तेव्हा प्रश्न आधी ठरलेला असतो. केमोआधी न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 1800 आले तर लॅब ते लाल छापेल, पण अनेक केमोंसाठी पुरेसा आकडा साधारण 1500 धरतात, म्हणून केमो सुरू होते.

आणि लाल आकडा काळा केला म्हणजे भागलं का? रक्तात बीटा-कॅरोटिन (गाजरातलं, शरीरात 'अ' जीवनसत्त्व होणारं द्रव्य) कमी असणाऱ्यांना फुफ्फुसाचा कर्करोग जास्त होतो, असं दिसलं होतं. म्हणून फिनलंडमध्येच 29 हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. बीटा-कॅरोटिनच्या गोळ्यांनी रक्तातला आकडा छान वाढला. 1994 मध्ये निकाल आला, तेव्हा गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग 18 टक्के जास्त निघाला.

"आणि दूध?" काकूंना खरी चुटपुट त्याचीच होती.

ती चाचणी आयजीजीची, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या प्रतिपिंडांची. दुधाविरुद्ध आयजीजी सापडणं म्हणजे दूध पोटात जातं आणि शरीराची त्याच्याशी ओळख आहे, एवढंच. अ‍ॅलर्जीत पाहतात ते आयजीई, तो प्रतिपिंडांचा प्रकार वेगळा.

खारघरला पुढच्या तपासणीला जाताना सहाही बाटल्या पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवायच्या, असं ठरलं. दुधाला मात्र काकू तेवढं थांबल्या नाहीत. बोलता बोलताच गॅसवर आधण ठेवलं होतं, आलं ठेचून.