तबकडीवर नसलेली नावं : गोव्याचे जॅझवादक आणि हिंदी चित्रपटगीतं

१९५०च्या दशकातल्या हिंदी चित्रपटगीतातला ट्रम्पेट किंवा सॅक्सोफोन कोणी वाजवला, हे तबकडीच्या लेबलवर सापडत नाही. तिथे चित्रपट, गायक आणि संगीतकार एवढंच छापलेलं असतं. वाजवणाऱ्यांत मोठा भरणा गोव्याच्या वादकांचा होता आणि त्यांतल्या अनेकांचा हात जॅझवर बसलेला होता.

गोव्यातल्या चर्चच्या शाळांत त्यांना आधी सोल्फेज (स्वरांची नावं म्हणत स्वरलिपी वाचण्याचा सराव) आणि मग व्हायोलिन शिकवलं जाई. कागद समोर येताच वाजवता येणं ही त्यांची खरी पुंजी. १९३५ साली मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आफ्रिकी-अमेरिकी वादकांचा बँड आला आणि जॅझ समोर बसून ऐकायला मिळाला. पुढे १९४९च्या दारूबंदी कायद्याने हॉटेलांतलं काम आटवलं, तसा स्टुडिओ हाच मोठा आधार झाला. ‘अलबेला’ (१९५१) ऐकताना हा जॅझचा हात लगेच कानात भरतो. तिथे गोव्यातल्या अल्डोनाचा एक ट्रम्पेटवादक मराठी संगीतकारासोबत काम करत होता.

संगीतकार पेटीवर चाल ऐकवी. अरेंजर ती स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाच रेघांवरच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवी, कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) ठरवी, दोन कडव्यांमधलं संगीत बांधी, गायकाच्या ओळीमागे धावणारी दुसरी सुरावट लिही. मग प्रत्येक वाद्याची वेगळी प्रत निघे. काही वाद्यं कागदावर लिहिलेल्या स्वरापेक्षा खालचा स्वर देतात, म्हणून गाणं काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर) असेल तर बी-फ्लॅट ट्रम्पेटची प्रत काळी दोनमध्ये आणि ई-फ्लॅट आल्टो सॅक्सोफोनची काळी पाचमध्ये लिहावी लागते. ट्रम्पेटची प्रत चुकून काळी एकमध्येच राहिली, तर तो एक पूर्ण स्वर खाली वाजतो. गायक आणि सगळा वाद्यवृंद एकत्रच ध्वनिमुद्रित होत असल्याने एकाची चूक म्हणजे सगळ्यांचा टेक पुन्हा.

मग या अरेंजरचा कायद्यात हिस्सा कोणता? वाद इथेच आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याने ‘संगीतकृती’ची व्याख्या करताना ती छापलेली, लिहिलेली किंवा रेखाटलेली असावी अशी अट घातली. चित्रपटसंगीतात कागदावर लिहिणारा बहुधा अरेंजरच होता, पण कर्ता म्हणून कायदा संगीतकाराला ओळखत होता. अरेंजमेंट ‘रूपांतर’ या सदरात गेली, म्हणजे मूळ कृतीच्या हक्कधारकाच्या परवानगीवर अवलंबून. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं, की निर्मात्याने मोबदला देऊन करून घेतलेल्या संगीताचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, निर्माताच. १९९४च्या दुरुस्तीने लेखनाची अट काढली आणि संगीत रचणारा तो संगीतकार, त्याने ते स्वरलिपीत उतरवलेलं असो वा नसो, असं ठरवलं. पेटीवर चाल बांधणाऱ्याला हा न्यायच झाला. पण दोन कडव्यांमधलं संगीत ज्याने स्वतः रचलं, त्यालाही रचनाकार म्हणायला हवं होतं. त्याची गणना नुसत्या लेखनिकात होणं चूक आहे.

१९९४च्याच दुरुस्तीने कलावंताला ‘परफॉर्मर’ म्हणून हक्क दिले. २०१२ साली ते वाढले, पण चित्रपटासाठी एक अपवादही जोडला गेला : ज्याचा सहभाग प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रिवाजानुसार ज्याचं नाव श्रेयनामावलीतही येत नाही, तो मर्यादित बाब सोडता परफॉर्मर नव्हे. नाव न देण्याचा जुना रिवाजच असा हक्क नाकारण्याच्या कसोटीत जाऊन बसला.

आज वादक शोधायचा तर चित्रपटाच्या श्रेयपट्टीपासून सुरुवात करतात. मात्र तिथलं ‘सहायक’ हे नाव सबंध चित्रपटापुरतं असतं, अमुक गाण्याचा पुरावा ठरत नाही. लेबलवरचा आणि शेवटच्या खोबणीजवळ कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक (त्या ध्वनिमुद्रणाची ओळख सांगणारा) टिपून ठेवावा, कारण चित्रपटातली आणि तबकडीवरची आवृत्ती वेगळी असू शकते आणि एकीतला सोलो दुसरीत नसतो. वादकांच्या रोजनिश्या, मानधनाच्या पावत्या आणि हस्तलिखित प्रती यांना सर्वांत जास्त वजन द्यावं. नुसत्या कानाने दिलेलं नाव ‘बहुधा’ लिहूनच छापावं.

१९५१च्या तबकडीवरच्या ध्वनिमुद्रणाची ६० वर्षांची मुदत २०११अखेर संपली. चालीवरचा हक्क मात्र संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, त्यामुळे पुनर्प्रकाशनाला त्या हक्काच्या मालकाची परवानगी आजही लागू शकते. वादकांची नावं पुस्तिकेत छापायला कोणाचीच परवानगी लागत नाही.