परवडणारी अमेरिकन राय व्हिस्की : चव आणि पारख

राय या धान्याचे प्रमाण किमान ५१ टक्के असलेल्या मिश्रणापासून अमेरिकेत गाळलेली आणि आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपांत मुरवलेली व्हिस्की म्हणजे अमेरिकन राय व्हिस्की होय. अमेरिकेतील दुकानांत साधारण वीस ते तीस डॉलरना ७५० मिलिलिटरची बाटली मिळते, अशा स्वस्त राय व्हिस्कींची चव कशी घ्यावी आणि त्यांतली चांगली कशी ओळखावी, एवढ्याच विषयापुरती ही नोंद आहे. राय हे गव्हाच्या कुळातले, कडाक्याची थंडी आणि हलकी जमीन सोसणारे तृणधान्य आहे. ‘राईचा पर्वत’ करताना आपण जी राई वापरतो ती मोहरी. तिचा या धान्याशी नावाच्या सारखेपणापलीकडे काही संबंध नाही.

अठराव्या शतकात पेन्सिल्व्हेनिया आणि मेरीलँडमध्ये स्थायिक झालेल्या, मुख्यत्वे जर्मन आणि स्कॉट्स-आयरिश वंशाच्या शेतकऱ्यांनी हे धान्य पेरले आणि उरलेल्या धान्याची व्हिस्की गाळली, कारण डोंगर ओलांडून धान्याची पोती नेण्यापेक्षा व्हिस्कीची पिंपे नेणे सोयीचे होते. १७९१ साली संघराज्य सरकारने गाळलेल्या मद्यावर कर बसवला, तेव्हा पश्चिम पेन्सिल्व्हेनियातील शेतकऱ्यांनी तो धुडकावला आणि १७९४ मध्ये हे बंड मोडण्यासाठी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी सैन्य उभे केले. याच वॉशिंग्टन यांनी पुढे माउंट व्हर्नन या आपल्या मळ्यावर स्वतःची भट्टी घातली आणि १७९९ साली तिथे सुमारे ११,००० गॅलन व्हिस्की निघाली, हा इतिहासातला एक खट्याळ योगायोग म्हणावा लागेल. तिच्या मिश्रणात राय ६० टक्के, मका ३५ टक्के आणि माल्ट केलेले, म्हणजे मोड आणून वाळवलेले, सातू ५ टक्के होते. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात पूर्वेकडच्या बहुतेक भट्ट्या बंद पडल्या. त्यानंतर लोकांची जीभ मक्याच्या गोडसर बर्बन व्हिस्कीकडे आणि हलक्या मद्यांकडे वळली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस राय व्हिस्की जवळजवळ विस्मरणात गेली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बारमध्ये जुनी कॉकटेल पुन्हा बनू लागली, तशी तिला मागणी आली. ओल्ड ओव्हरहोल्ट आणि रिटनहाउस ही मूळची पेन्सिल्व्हेनियाची नावे तोवर केंटकीतील मोठ्या कंपन्यांकडे गेलेली होती. आज स्वस्त राय म्हणून जे विकले जाते, त्याचा पाया ही स्थलांतरित नावे आणि केंटकी-इंडियानातील मोठ्या भट्ट्या हाच आहे.

स्वस्त बाटलीची पारख चाखण्याआधी लेबलापासून सुरू होते, आणि इथे अमेरिकन कायदा ग्राहकाच्या बाजूने उभा आहे. राय व्हिस्की ८० टक्क्यांपेक्षा जास्त अल्कोहोलपर्यंत गाळता येत नाही, पिंपात भरताना ती ६२.५ टक्क्यांहून तेज चालत नाही आणि बाटलीत किमान ४० टक्के असावी लागते. अमेरिकेत ‘प्रूफ’ हा आकडा टक्केवारीच्या बरोबर दुप्पट असतो, म्हणजे १०० प्रूफ ही ५० टक्क्यांची व्हिस्की. ‘स्ट्रेट’ हा शब्द असेल तर व्हिस्की किमान दोन वर्षे मुरलेली असते आणि तिच्यात रंग किंवा स्वाद घालता येत नाही. वय चार वर्षांपेक्षा कमी असल्यास ते लेबलावर लिहिणे बंधनकारक आहे. म्हणून स्ट्रेट रायच्या लेबलावर वयाचा उल्लेखच नसेल तर ती चार वर्षे किंवा अधिक मुरलेली आहे, असे निश्चिंतपणे धरावे. त्याहून भक्कम हमी ‘बॉटल्ड इन बाँड’ या शब्दांची. १८९७ च्या कायद्यानुसार अशी व्हिस्की एकाच भट्टीत, एकाच हंगामात गाळलेली, सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान चार वर्षे ठेवलेली आणि नेमकी ५० टक्क्यांवर भरलेली असावी लागते, शिवाय ती कुठल्या भट्टीत गाळली हे लेबलावर सांगावे लागते. एकोणिसाव्या शतकात तंबाखूचा अर्क नि काय काय घालून व्हिस्की म्हणून विकणाऱ्यांवरचा हा उतारा होता. आज तोच कमी पैशांत चांगली बाटली शोधणाऱ्याला सर्वांत उपयोगी पडतो. पंचवीस डॉलरच्या बाटलीला जे नियम लागू आहेत तेच दोनशे डॉलरच्या बाटलीलाही आहेत. किमतीतला फरक बहुतांशी जादा वर्षे, टंचाई आणि नावाची हवा यांचा असतो.

किंमत ताडताना अल्कोहोलचे प्रमाण विसरू नये. ४० टक्क्यांच्या ७५० मिलिलिटर बाटलीत ३०० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असते, ५० टक्क्यांच्या बाटलीत ३७५. म्हणजे वीस डॉलरची पहिली आणि पंचवीस डॉलरची दुसरी या एकाच भावाच्या झाल्या, फरक एवढाच की पहिलीत पाणी कारखान्याने घातले आणि दुसरीत ते आपल्या मर्जीने घालता येते. प्रस्तुत लेखकाच्या मते स्वस्त रायमध्ये दुसरा सौदा जवळजवळ नेहमीच बरा पडतो.

स्वस्त रायची ढोबळमानाने दोन घराणी पडतात आणि ती ओळखता आली की निम्मी पारख झाली. पहिले घराणे केंटकीचे. इथे राय कायद्याच्या किमान मर्यादेच्या आसपास असते आणि उरलेल्यात मक्याचा वाटा मोठा असतो, त्यामुळे ही व्हिस्की बर्बनची थोरली, जरा तिखट जिभेची बहीण वाटते: आधी जळक्या साखरेचा पाक आणि व्हॅनिला, मग मिरे आणि लवंग. रिटनहाउस बाँडेड, ओल्ड ओव्हरहोल्ट, जिम बीमची राय आणि वाइल्ड टर्कीची राय या घराण्यातल्या. दुसरे घराणे इंडियाना राज्यातील लॉरेन्सबर्ग येथील, एके काळी सीग्रॅम कंपनीकडे असलेल्या मोठ्या भट्टीचे. तिथल्या ९५ टक्के राय आणि ५ टक्के माल्ट सातू या मिश्रणाची व्हिस्की अनेक कंपन्या विकत घेऊन स्वतःच्या नावाने बाटलीत भरत आल्या आहेत. २०११ मध्ये आलेली बुलेट राय ही त्यांतली सर्वांत ठाऊक असलेली, तर जॉर्ज डिकलची राय हीच व्हिस्की शुगर मेपलच्या कोळशातून गाळून विकली जाऊ लागली. लेबलावर डोंगर, जुनी भट्टी आणि पणजोबांचे चित्र असले तरी गाळण्याचे राज्य पत्त्यातल्या राज्याहून वेगळे असल्यास ते छापावे लागते, म्हणून ‘इंडियानात गाळलेली’ ही बारीक अक्षरांतली ओळ मागच्या बाजूला जरूर शोधावी. यात फसवणूकच असते असे नाही, पण एकाच भट्टीची व्हिस्की तीन नावांनी आणि तीन भावांनी विकत घेणे टळते.

या दुसऱ्या घराण्याच्या वासाचे वर्णन करताना इंग्रजी बोलणारे चाखणारे पुदिना, पाइनचे लाकूड, रायच्या पावातले कॅरवे आणि लोणच्यातला डिल असे शब्द वापरतात. डिल म्हणजे आपला शेपू. शेपूची जुडी घरात आली की दारापासून कळते, आणि ज्याला ती भाजी आवडत नाही त्याला ही व्हिस्कीही आवडण्याची शक्यता कमी. कॅरवेच्या जवळ जाणारा आपल्याकडचा वास शहाजिऱ्याचा. चव टिपून ठेवताना परक्या फळांची नावे उसनी आणण्यापेक्षा ज्या वासांवर आपले नाक वाढले आहे त्यांचे शब्द वापरलेले अधिक नेमके ठरतात: काजळलेला गूळ, दालचिनीची साल, सुंठीचा झोंबरेपणा, खोबऱ्याची वाटी, जुन्या सागवानी कपाटाचा वास. यांतले काही निव्वळ कल्पनेचे नसतात. लवंगेचा वास देणारे युजेनॉल, व्हॅनिलाचा वास देणारे व्हॅनिलिन आणि खोबऱ्याकडे झुकणारे लॅक्टोन ही संयुगे ओकच्या लाकडातून व्हिस्कीत खरोखरच उतरतात. त्यामुळे लवंग जाणवली म्हणजे ती धान्याचीच, असे ठामपणे म्हणता येत नाही. थोडा वाटा पिंपाचाही असतो.

प्रत्यक्ष चाखण्यासाठी तीनच बाटल्या पुरेत. चारापलीकडे जीभ बधिर होते आणि मग शेवटची व्हिस्की एक तर फार आवडते किंवा मुळीच कळत नाही. पोट घुमटाकार आणि तोंड निमुळते असलेला ग्लास घ्यावा; तो नसेल तर एकसारखे तीन छोटे काचेचे पेले चालतात, स्टीलचा पेला मात्र चालत नाही, कारण रंगही दिसत नाही आणि वासही धरून राहत नाही. प्रत्येकात १५ मिलिलिटर ओतावे. समजा ओल्ड ओव्हरहोल्ट ४३ टक्क्यांची, बुलेट ४५ ची आणि रिटनहाउस ५० ची आहे. तशाच चाखल्या तर तेज व्हिस्की भरदार आणि हलकी व्हिस्की पचपचीत वाटेल, आणि आपण रायऐवजी अल्कोहोलच मोजत बसू. म्हणून रिटनहाउसमध्ये अडीच मिलिलिटर, म्हणजे अर्धा चहाचा चमचा, आणि बुलेटमध्ये दहा-पंधरा थेंब पाणी घातले की तिन्ही ४३ टक्क्यांच्या आसपास येतात. पाणी साधे, गाळलेले, खोलीच्या तापमानाचे असावे. बर्फ वास दाबतो. पाण्याने वास खुलतो या जुन्या समजुतीला आधार मिळालेला आहे: २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनेअस विद्यापीठातील कार्लसन आणि फ्रीडमन यांनी संगणकी प्रतिमानाने दाखवले की व्हिस्की पातळ केली असता धुरकट वासाचे ग्वायकॉल हे संयुग द्रवाच्या पृष्ठभागाशी येते, तर अल्कोहोलचे प्रमाण फार असेल तेव्हा ते आत अडकून राहते.

वास घेताना नाक ग्लासात खुपसू नये, अत्तराचा बोळा हुंगावा तसे काठाशी धरून तोंड किंचित उघडे ठेवावे. पहिल्या दोन श्वासांत अल्कोहोलचा भपकाच येतो, त्यावर मत बनवू नये. पहिला घोट फक्त जीभ तयार करण्यासाठी. दुसरा लहान घोट जिभेवर पसरवून आठ-दहा सेकंद धरावा आणि मग गिळावा किंवा थुंकावा. राय व्हिस्कीत लक्ष द्यायची जागा मधली आहे. गोडवा ओसरतो आणि झणका चढायला लागतो त्या क्षणी चांगल्या स्वस्त रायमध्ये धान्याची, शेकलेल्या भाकरीच्या कडेसारखी कोरडी चव येते. वाईट रायमध्ये तिथे पोकळी असते: गोड, मग एकदम जळजळ. अल्कोहोलची जळजळ आणि रायचा तिखटपणा यांत गल्लत होते, पण जळजळ घशात आणि छातीत जाणवते, तर रायचा तिखटपणा मिऱ्यासारखा जिभेच्या कडांना आणि टाळूला. घोट गेल्यावर मागे काय उरते आणि किती वेळ, हेही पाहावे. स्वस्त व्हिस्कीत हे बहुधा अर्ध्या मिनिटात आटोपते, आणि तो काही मोठा दोष नव्हे.

दोष वेगळे आहेत. नखांचा रंग काढायच्या द्रावणाचा वास हा गाळताना पहिली धार नीट वेगळी न काढल्याचे किंवा आंबवण बिघडल्याचे लक्षण असते. कच्च्या कणकेचा किंवा हिरव्या कणसाचा वास म्हणजे व्हिस्की कोवळी आहे. ओल्या पुठ्ठ्याचा वास शेवटच्या धारेकडे बोट दाखवतो. उकळून उकळून काळ्या झालेल्या चहासारखा तुरटपणा लाकूड जास्त झाल्याचा असतो, पण तो या भावात क्वचित भेटतो. लहान पिंपांत घाईने मुरवलेल्या काही व्हिस्कींत मात्र कोवळेपण आणि लाकूड एकदमच सापडतात, आणि त्या स्वस्तही नसतात.

गुण देण्याची पद्धत फारशी कामाची नाही. शंभरपैकी गुण देणारे जवळजवळ सगळे ऐंशी ते पंच्याण्णवच्या पट्ट्यात फिरतात आणि एका गुणाचा फरक दुसऱ्या दिवशी कुणालाच पुन्हा काढता येत नाही. त्याऐवजी दुसऱ्या कुणाकडून तीन पेले भरून घ्यावेत, दोनात एकच व्हिस्की आणि तिसऱ्यात वेगळी, आणि वेगळा पेला ओळखावा. नुसत्या अंदाजाने एकदा बरोबर येण्याची शक्यता तीनात एक, सलग तीनदा येण्याची सत्तावीसात एक. तीस डॉलरची आणि साठ डॉलरची राय असा सामना लावला की पुष्कळ जाणकार इथे गप्प होतात.

स्वस्त रायचा मोठा भाग नुसता प्यायला जात नाही, तो कॉकटेलमध्ये जातो, म्हणून ती परीक्षाही घ्यावी. मॅनहॅटन या कॉकटेलमध्ये दोन भाग राय, एक भाग गोड व्हर्मूथ (वनौषधींच्या स्वादाची वाइन) आणि बिटर्स या कडू अर्काचे दोन शिंतोडे बर्फावर ढवळतात. ४३ टक्क्यांची राय आणि १६ टक्क्यांचा व्हर्मूथ घेतल्यास मिश्रण ३४ टक्क्यांचे होते, आणि बर्फाचे पाणी मिसळल्यावर सत्तावीसच्या आसपास येते; ५० टक्क्यांची राय घेतल्यास ते एकतीसच्या आसपास राहते. या चार टक्क्यांत राय व्हर्मूथखाली बुडते की वर राहते याचा निकाल लागतो. रिटनहाउसचे नाव बारमध्ये इतके ऐकू येते ते यामुळेच. न्यू ऑर्लिन्सच्या सॅझरॅक या कॉकटेलमध्ये व्हर्मूथ नसतो, तिथे बडीशेपेच्या वासाचे मद्य ग्लासाच्या आतून फिरवतात, आणि शेपूच्या वासाची इंडियानाची राय त्याला चांगली जुळते.

हे सगळे गणित अमेरिकेतल्या भावाचे आहे. आयात शुल्क आणि राज्याचे कर भरून हीच बाटली मुंबईत किंवा पुण्यात येते तेव्हा ‘परवडणारी’ हा शब्द गळून पडतो. न्यू जर्सीतल्या किंवा कॅलिफोर्नियातल्या नातलगाने येताना बाटली आणायची असेल, तर त्याला ब्रँडचे नाव सांगण्यासोबत ‘बॉटल्ड इन बाँड’ हे शब्द पाठवावेत. आपल्याकडे व्हिस्की म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ मद्यांत उसाच्या मळीपासून काढलेले मद्यार्क असते, त्यामुळे त्या सवयीच्या जिभेला रायचा कोरडेपणा सुरुवातीला रुक्ष वाटतो. दोन-तीन बैठकांनंतर तो तसा वाटत नाही.

नवी बाटली उघडल्या दिवशीच तिच्याबद्दलचे मत पक्के करू नये. आठवडाभराने तिचा पहिला तिखट भपका बराचसा निवळतो, आणि बाटली तळाशी आल्यावर काही महिने तशीच राहिली तर वास विरळ होतो. चाखून झाल्यावर ग्लास लगेच धुऊ नये. रात्रभर तसाच ठेवून सकाळी कोरडा ग्लास हुंगला तर अल्कोहोल उडालेला असतो आणि तळाशी फक्त पिंप नि धान्य उरलेले असते: केंटकीच्या ग्लासात जळका गूळ आणि लाकूड, इंडियानाच्या ग्लासात पावाचा कडक पापुद्रा आणि पुसटसा शेपू.