शिकाऊ उमेदवारी (खानदेश)

कारखान्यात प्रत्यक्ष काम करीत, लेखी करारानुसार व विद्यावेतनावर घेतलेले व्यवसायशिक्षण. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत ते शिकाऊ उमेदवार अधिनियम, 1961 खाली चालते. भुसावळचे रेल्वे कारखाने, वरणगावचा दारूगोळा कारखाना व दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र येथे आयटीआयची जोडारी (फिटर), वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन), कातारी (टर्नर) या व्यवसायांची मुले उमेदवारी करतात.

उमेदवाराला शिकवण्याचा खर्च मालकाने का सोसावा, हा अर्थशास्त्रातील जुना वाद आहे. शिकवलेला कामगार शेजारचा कारखाना पळवतो, म्हणून मालक हात आखडता घेतो, असा युक्तिवाद विसाव्या शतकाच्या आरंभापासून आढळतो. अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी 1964 मध्ये कौशल्याचे दोन प्रकार केले : कुठेही चालणाऱ्या कौशल्याचा भार कामगार कमी वेतन घेऊन स्वतःच उचलतो; एकाच कारखान्यापुरत्या कौशल्यात मालकही पैसा घालतो. अॅसेमोग्लू व पिश्के या अर्थतज्ज्ञांनी 1990 च्या दशकाअखेर दाखवले, की नोकरी बदलणे अवघड असेल तर सर्वसाधारण कौशल्यावरचा खर्चही मालकाला परवडतो. स्वित्झर्लंडमधील बहुसंख्य कारखान्यांचा खर्च उमेदवारीच्या काळातच भरून निघतो. जर्मनीत तो बहुधा उमेदवार पुढे टिकला तरच निघतो, असे पाहण्यांत आढळले.

खानदेशाला जर्मन अनुभव अधिक लागू पडावा. सुरत, नाशिक, पुण्याची ओढ मोठी आहे. मात्र घरची शेती सांभाळून नोकरी करणारा मुलगा योग्य पगार मिळाल्यास टिकतो. जळगावच्या पीव्हीसी पाइप उद्योगात असा उमेदवार टिकल्याचा लाभ स्पष्ट दिसतो. पाइपच्या खर्चात कच्च्या मालाचा वाटा सर्वांत मोठा. डायचे (पाइपला आकार देणाऱ्या साच्याचे) बोल्ट नीट न जुळवल्यास पाइपची भिंत एका बाजूस जाड, दुसरीकडे पातळ निघते. जाड बाजूला माल वाया जातो, पातळ बाजू चाचणीत नापास होते. त्या विशिष्ट मशीनवर बोल्ट किती फिरवायचा, हे वर्षभर तिच्याशेजारी उभे राहूनच हाताला कळते. बाहेरून आणलेल्या ऑपरेटरलाही ते नव्याने शिकावे लागते.

2019 च्या नियमांनुसार 30 वा अधिक मनुष्यबळाच्या आस्थापनेस त्या मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के उमेदवार घेणे बंधनकारक आहे. 4 ते 29 असल्यास ऐच्छिक. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत (2016) विहित विद्यावेतनाचा 25 टक्के, कमाल दरमहा 1,500 रुपये भार केंद्र सरकार उचलते. उमेदवारास पुढे नोकरी देण्याचे बंधन मालकावर सहसा नसते.

वेल्डिंग व मोटार दुरुस्तीची बहुतेक दुकाने 4 माणसांच्या आतली, म्हणून या नियमांबाहेरची. तेथे मुलगा मिस्तरीच्या हाताखाली शिकतो; करार नसतो आणि प्रमाणपत्रही मिळत नाही.