एलईडीच्या पांढऱ्या उजेडातला लाल रंग

बंद पडलेल्या एलईडी बल्बचं वरचं दुधी कवच काढलं की आत धातूच्या चकतीवर छोटे चौकोनी ठिपके दिसतात. दिवा पांढरा उजेड द्यायचा, पण हे ठिपके पिवळेधमक असतात. कूल व्हाइट दिव्यात ते लिंबाच्या सालीसारखे दिसतात, तर वॉर्म व्हाइट दिव्यात नारिंगीकडे झुकलेले. या दोन छटांमधला फरक किती कष्टांनी साधला आहे हे कळल्यापासून मी तो नारिंगीपणा नुसता पाहून पुढे जाऊ शकत नाही.

पिवळ्या थराखाली असते ती चिप फक्त निळा प्रकाश देते, साधारण ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा. इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं ते हा निळा एलईडी घडवल्याबद्दल. वरचा थर म्हणजे फॉस्फर. नावात साम्य असलं तरी फॉस्फरस या मूलद्रव्याशी त्याचा संबंध नाही. एका रंगाचा प्रकाश शोषून कमी ऊर्जेच्या दुसऱ्या रंगाचा प्रकाश परत देणारी ही भुकटी. चिपचा थोडा निळा प्रकाश थरातून तसाच बाहेर पडतो, बाकीचा पिवळा होतो, आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरा वाटतो. यातला सर्वांत प्रसिद्ध पिवळा फॉस्फर म्हणजे यट्रियम ॲल्युमिनियम गार्नेटमध्ये मिसळलेलं सिरिअम. त्याचं वर्णन १९६७ सालीच प्रसिद्ध झालं होतं, आणि १९९६ मध्ये निळ्या चिपशी त्याची जोडी जमून पांढरे एलईडी बाजारात आले.

पण या उजेडात लाल फार कमी. अशा दिव्याखाली स्वतःचा तळहात धरून पाहा. त्वचेखालच्या रक्ताची लाली उतरते आणि हात काहीसा राखाडी, आजारी दिसतो. गर्द लाल कापड मळकट वाटतं. गंमत म्हणजे दिव्याच्या खोक्यावर छापलेला रंगदर्शनाचा निर्देशांक ही उणीव पुरती पकडत नाही. तो आठ फिक्या रंगांच्या नमुन्यांवरून काढलेली सरासरी असतो. गर्द लाल हा नववा नमुना सरासरीत धरतच नाहीत, त्याचा आकडा वेगळा सांगतात. निव्वळ पिवळ्या फॉस्फरच्या दिव्यात तो शून्याच्याही खाली जाऊ शकतो. जखम तपासताना किंवा चित्र रंगवताना ही उणीव खरीखुरी अडचण होते.

म्हणजे हवा होता लाल फॉस्फर. निळा प्रकाश शोषणारा, तापल्यावर न मंदावणारा आणि दमट हवेत टिकणारा. कॅल्शियम आणि स्ट्रॉन्शियमच्या सल्फाइडमध्ये युरोपिअम मिसळून लाल मिळत असे, पण सल्फाइड ओलाव्याने खराब होतात. जुन्या टीव्हीच्या पडद्यावर लाल रंग देणारं युरोपिअमही उपयोगाचं नव्हतं, कारण ते निळा प्रकाश जवळपास शोषतच नाही.

इथे युरोपिअमच्या स्वभावाकडे जरा निवांत पाहायला हवं, कारण सगळं रहस्य तिथे आहे. हे दुर्मिळ मृदा मूलद्रव्य स्फटिकात दोन रूपांत राहतं. तीन इलेक्ट्रॉन गमावलेलं रूप म्हणजे टीव्हीतलं. त्याच्या प्रकाशाला कारणीभूत इलेक्ट्रॉन अणूच्या आत, बाहेरच्या कक्षांच्या आडोशाला असतात. आजूबाजूला कोणते अणू आहेत याचं त्यांना फारसं सोयरसुतक नसतं, म्हणून रंग जवळजवळ ठरलेला. दोनच इलेक्ट्रॉन गमावलेलं रूप मात्र वेगळं वागतं. प्रकाश शोषताना त्याचा इलेक्ट्रॉन आडोसा सोडून बाहेरच्या कक्षेत येतो आणि शेजारी असतील तसा त्याचा ऊर्जेचा जिना बदलतो. त्यामुळे हेच युरोपिअम ट्यूबलाइटच्या एका ऑक्साइड फॉस्फरमध्ये निळं चमकतं, अंधारात उजळणाऱ्या चांदण्यांच्या स्टिकरमध्ये हिरवं चमकतं, आणि नायट्राइडमध्ये, म्हणजे नायट्रोजनच्या संयुगात, लाल. मूलद्रव्य तेच, फक्त शेजार बदलला.

नायट्रोजन असं काय करतो? ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे घट्ट ओढून धरतो, नायट्रोजन ते शेजाऱ्याशी जास्त वाटून घेतो. या भागीदारीमुळे युरोपिअमची बाहेरची कक्षा एकूणच खाली सरकते. शिवाय नायट्रोजनच्या आयनावर तीन ऋण भार असतात, ऑक्सिजनवर दोन. तीन भारांच्या जोरदार विद्युत क्षेत्रात त्या कक्षेच्या पायऱ्या एकमेकींपासून लांब फाकतात आणि सर्वांत खालची पायरी आणखी खाली जाते. इलेक्ट्रॉन तिथून मूळ जागी उतरतो तेव्हा सुटणारी ऊर्जा कमी असते. कमी ऊर्जेचा दृश्य प्रकाश म्हणजे लाल. याच कारणाने ही भुकटी निळाच काय, हिरवा प्रकाशही शोषते, आणि म्हणून साध्या दिवसाच्या उजेडात ती नारिंगी दिसते. बल्बमधला नारिंगी ठिपका आठवतो ना?

टिकाऊपणाही नायट्रोजनकडूनच येतो. सिलिकेटमध्ये एक ऑक्सिजन फार तर दोन सिलिकॉन अणूंना जोडतो, तर नायट्रोजन सहज तिघांना बांधतो. जाळं दाट आणि ताठ बनतं. चिपचं तापमान शंभर अंशांच्या वर गेलं तरी असं जाळं फारसं थरथरत नाही. थरथर वाढली की शोषलेली ऊर्जा प्रकाश न होता उष्णतेत विरते, आणि दिवा तापला की रंग बिघडतो. तशी वेळ इथे क्वचित येते. सिलिकॉन नायट्राइड तर यंत्रांच्या बेअरिंगमध्ये वापरतात, इतकं ते कणखर.

अशा नायट्राइड स्फटिकांचा पाया १९९०च्या दशकापासून जर्मनीत वोल्फगांग श्निक यांच्या गटाने घातला. स्ट्रॉन्शियम, सिलिकॉन आणि नायट्रोजनच्या त्यांच्या एका संयुगात युरोपिअम मिसळून नारिंगी-लाल प्रकाश मिळाला. जपानमध्ये त्सुकुबा इथे नाओतो हिरोसाकी यांच्या गटाने सायलॉनवर काम केलं. सिलिकॉन, ॲल्युमिनियम, ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांचं हे मिश्रण तोवर कठीण सिरॅमिक म्हणूनच ओळखलं जाई. त्याच्या एका प्रकारात युरोपिअम ५४० नॅनोमीटरच्या आसपास हिरवं चमकतं, आणि ते टीव्हीच्या पडद्यामागच्या दिव्यांत वापरलं जातं. २००६ च्या सुमारास पुढे आलेलं कॅल्शियम ॲल्युमिनियम सिलिकॉन नायट्राइड मात्र खरं नाव काढणारं ठरलं. त्यातल्या दर शंभर कॅल्शियम अणूंपैकी एखाद-दुसऱ्याच्या जागी युरोपिअम बसवलं की ६५० नॅनोमीटरच्या आसपासचा गर्द लाल मिळतो. फार जास्त बसवलं तर युरोपिअमचे अणू ऊर्जा एकमेकांकडे ढकलत राहतात आणि ती वाटेतच वाया जाते.

हे बनवणं सोपं नाही. कॅल्शियम नायट्राइडला हवेतला ओलावा लागला की ते फसफसून अमोनियाचा वास सोडतं. म्हणून कच्चा माल ओलावा आणि ऑक्सिजन नसलेल्या बंद पेटीत, बाहेरून आत गेलेल्या रबरी हातमोज्यांत हात घालून मिसळतात. मग १६०० अंशांच्या वर, नायट्रोजन वायूच्या दाबाखाली भट्टीत भाजतात. साध्या दाबाला नायट्राइड त्या उष्णतेत टिकतीलच असं नाही, त्यांच्यातला नायट्रोजनच निघून जाण्याचा धोका असतो.

एक मोठी अडचण मात्र स्फटिकात नाही, आपल्या डोळ्यात आहे. ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्याला डोळ्याची संवेदना १०० मानली, तर ६२० च्या लालला ती ३८ असते, ६५० ला जेमतेम ११, आणि ७०० ला अर्धीसुद्धा नाही. या लाल फॉस्फरच्या प्रकाशाचा पट्टा सुमारे ९० नॅनोमीटर रुंद असतो, त्याची शेपटी ७०० च्याही पलीकडे जाते. रंग सुधारतो, पण बरीच वीज जवळजवळ न दिसणाऱ्या लालवर खर्च होते. म्हणून आता शोध आहे तो अरुंद पट्ट्याचा. श्निक यांच्याच गटाने २०१४ मध्ये स्ट्रॉन्शियम, लिथियम आणि ॲल्युमिनियमचं नायट्राइड मांडलं, पट्टा सुमारे ५० नॅनोमीटर. त्यात युरोपिअमभोवती आठ नायट्रोजन जवळपास घनाच्या आठ कोपऱ्यांवर बसावेत तसे असतात. सगळ्या युरोपिअमना सारखाच शेजार मिळतो, म्हणून त्यांचे रंग आपसांत फार पांगत नाहीत. पण पट्ट्याचं शिखर, म्हणजे जिथे प्रकाश सर्वांत तीव्र असतो ती तरंगलांबी, ६५० लाच राहिलं. २०१९ मध्ये त्याच धाटणीच्या स्फटिकात अर्धा नायट्रोजन काढून ऑक्सिजन बसवला गेला आणि शिखर ६१४ वर आलं, पट्टा ४८ चाच राहिला. इतकी वर्षं ज्या ऑक्सिजनला हटवण्यासाठी खटपट केली, त्यालाच मोजून-मापून परत बोलावावं लागलं!

जुनी सीडी असेल तर तिच्या चकाकत्या बाजूवर आधी कूल व्हाइट आणि मग वॉर्म व्हाइट दिव्याचं प्रतिबिंब तिरकं धरून पाहा. निळा पट्टा, त्यानंतरची अंधारी फट आणि पुढचा हिरवा-पिवळा दोन्हीत ओळखू येतील. दुसऱ्यात लालचा पट्टा जास्त ठळक होऊन पुढे पसरलेला असेल, आणि त्याची कड नेमकी कुठे संपते हे डोळ्याला सांगता येणार नाही.