ब्रेकअपनंतरचा हिशेब : ही पॅलिमनी आली कुठून?

मनीष नगरातल्या एका फ्लॅटवरून सध्या आमच्या ग्रुपमध्ये डोकं खाणं चालू आहे. दोघं तीन-चार वर्षं सोबत राहिले, लग्न नाही, फ्लॅट तिच्या नावावर अन् अर्धा ईएमआय याच्या खात्यातून, आता हा यूपीआयचे स्क्रीनशॉट घेऊन वकिलाकडे फिरून राहिला.

हे भांडण नवीन नाही बरं का. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टानं हॉलिवूडचा नट ली मार्विन आणि त्याच्यासोबत राहणारी मिशेल ट्रायोला यांच्या केसमध्ये म्हटलं की लग्न नाही म्हणून दोघांतला करार, तोंडी असला तरी, आपोआप बाद होत नाही. पॅल म्हणजे दोस्त, त्याला अॅलिमनी, म्हणजे पोटगी, जोडली न् झाली पॅलिमनी. गंमत म्हणजे १९७९ ला मिशेलला १,०४,००० डॉलर मंजूर झाले आणि १९८१ मध्ये वरच्या कोर्टानं तेही काढून घेतले, म्हणजे शब्द राहिला, पैसे गेले!

आपल्याकडे गाडी कराराच्या रस्त्यानं गेलीच नाही, पोटगीच्या रस्त्यानं गेली. २०२४ पर्यंत लागू असलेल्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोटगीचं कलम १२५ होतं, त्यात शब्द 'पत्नी', त्यामुळे १९८८ च्या यमुनाबाई आढाव केसमध्ये विधीनं लग्न लागलेली बाईसुद्धा बाहेर, कारण नवऱ्याची पहिली बायको हयात होती. मग २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आला, त्यात 'लग्नासारखं नातं' बसलं. २००८ मध्ये तर महाराष्ट्र सरकारनंच लिव्ह-इनमधल्या बाईला पत्नीत धरायचा प्रस्ताव मांडला होता. २०१० मध्ये वेलुसामी केसमध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाच्या न्या. काटजूंनी मार्विनचा दाखला देत अटी घातल्या: दोघं लग्नाच्या वयाचे, अविवाहित, बराच काळ सोबत, आणि लोकांसमोर नवरा-बायकोसारखे. त्याच निकालात 'कीप' शब्द वापरला, ज्येष्ठ वकील इंदिरा जयसिंग भडकल्या, बरोबरच होतं, आपल्याकडच्या 'ठेवलेली'चंच ते इंग्रजी.

पण हा सगळा कायदा बाईसाठी, पुरुषाला त्यात जागा नाही. पैसे एकाचे अन् नाव दुसऱ्याचं अशा व्यवहाराला बंदी घालणाऱ्या बेनामी कायद्यात नवरा-बायकोच्या नावावर घेतलेल्या घराला सूट आहे, पार्टनरच्या नाही. उरलं काय, तर उसने दिले म्हणून दावा, त्यालाही तीन वर्षांची मुदत.

वकीलबाईंनी स्क्रीनशॉट पाहिले, एकाही ट्रान्सफरच्या रिमार्कमध्ये ईएमआय नाही. सगळीकडे 'लव यू शोना', अन् दोनदा 'तर्री पोहे'.