ग्रंथालयातील पुस्तकाधारित भूमिकाखेळ

एखाद्या कथेचे किंवा कादंबरीचे जग घेऊन चार-सहा जणांनी टेबलाभोवती बसून, बोलत बोलत खेळायचा खेळ. मुले त्याला 'रोल-प्ले' किंवा नुसते 'आरपीजी' म्हणतात. एक जण सूत्रधार होतो आणि प्रसंग उभा करतो. बाकीचे आपापल्या पात्राने काय केले ते सांगतात. जिथे बेत साधेल की फसेल हे सांगता येत नाही, तिथे फासे पडतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ अमेरिकेत १९७४ साली बाजारात आला. तिथून हा प्रकार जगभर पसरला. ग्रंथालयात तो साधारण १३ ते १८ वयाच्या मुलांसाठी घेतला जातो.

गोव्यातल्या पालकाला हा खेळ समजावून सांगायचा तर दशावताराचा दाखला सर्वांत जवळचा. पेडणे-डिचोली भागातल्या जत्रांत उभ्या राहणाऱ्या दशावतारी नाटकाला लिखित संहिता नसते. आख्यान ठाऊक असते, संवाद मात्र पात्रे समोरासमोर आली की तिथल्या तिथे सुचतात. भूमिकाखेळाचेही तसेच, फक्त इथे आख्यानाचा शेवटही मोकळा असतो आणि प्रेक्षक कोणीच नसतो. लाजरी मुले या खेळात बोलती होतात ती बहुधा याच कारणाने.

सार्वजनिक ग्रंथालयाची परंपरा गोव्यात जुनी आहे. पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ साली सुरू झाले. आज ते पाटो येथे आहे आणि सोळाव्या शतकात कृष्णकथा ओवीबद्ध करणाऱ्या कृष्णदास शामा यांचे नाव त्याला दिले आहे. गावोगावच्या वाचनालयांनाही १९९३ च्या गोवा सार्वजनिक ग्रंथालय कायद्याची चौकट आहे. मात्र दहावीच्या आसपास मुलगा वाचनालयात येतो तो अभ्यासाला जागा हवी म्हणून. गोष्टीच्या पुस्तकांचे कपाट त्याच्या पाठीमागेच राहते. ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांच्या १९३१ च्या पाच सूत्रांतले तिसरे सूत्र प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा असे सांगते. हा खेळ त्या सूत्राच्या कामी येतो, पण पुस्तक नीट निवडले तरच.

निवडीत हमखास होणारी चूक म्हणजे नायकाच्या मागे लागणे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, म्हणजे बन्या, घेतला की टेबलावरच्या पाचही जणांना बन्याच व्हायचे असते, आणि त्याचे 'ट्टॉक' कोणी करायचे यावरून पहिला अर्धा तास जातो. पुस्तकातून जग घ्यावे, माणसे मुलांनी आपली आणावीत. वेढा पडलेला किल्ला, पुरात तुटलेले गाव, बंदरावर लागलेले अनोळखी गलबत अशी जागा आणि अडचण ज्या पुस्तकात ठसठशीत असते, ते खेळाला चालते. कथानक मुलांकडून जसेच्या तसे वठवून घेणे म्हणजे पाठांतर झाले, आणि ते शाळेत पुरेसे होते.

वीस बाजूंचा फासा मिळाला तर मजा आहे, नाही मिळाला तर लुडोचे दोन फासे पुरतात. बेरीज १० किंवा त्याहून जास्त आली तर काम फत्ते. ७ ते ९ आली तर काम होते, पण काहीतरी गमावून. ६ किंवा कमी आली तर डाव उलटतो. फासे पडण्याच्या ३६ शक्यतांपैकी पहिल्या प्रकाराला ६, उरलेल्या दोघांना प्रत्येकी १५ येतात. म्हणजे निर्भेळ यश दुर्मीळ, आणि गोष्ट पुढे सरकते ती नेमकी त्यामुळेच.

एक नमुना पाहू. नदीच्या मुखावरचा किल्ला, रात्र. सूत्रधार सांगते, ओहोटी लागली आहे, दिंडी दरवाजाला आतून अडसर आहे, बुरुजावर पलिता हलतो आहे. तांडेल, म्हणजे नावेचा प्रमुख, झालेली मुलगी म्हणते, "पण पुस्तकात पाण्याच्या बाजूने चोरदरवाजा आहे ना?" सूत्रधाराच्या टिपणांत तो नाही. टेबलावरची प्रत उघडली जाते, दोघे वाकून पाने उलटतात, आणि मागे एका प्रकरणात ओझरता आलेला चोरदरवाजा सापडतो. इथे सूत्रधाराने आपला बेत सोडायचा असतो. फासे पडतात : ५ आणि ३. दार उघडते, पण बिजागरी करकरते आणि पलिता त्या बाजूला वळतो. "हांव वतां फुडें, तुमी फाटल्यान येयात," तांडेल सांगते.

ती कोकणीत बोलली म्हणून तिला थांबवू नये. पुस्तक मराठी, निवेदन मराठी, पण घाईच्या क्षणी पात्राच्या तोंडी घरची भाषा येते. गोव्यात ही दोन्ही पाणी एकाच घरात वाहतात. तिथे दुरुस्ती करणारा सूत्रधार मुलीला गप्प करतो आणि खेळही तिथेच थांबतो.

बाकीची तयारी थोडी आहे. पहिली बैठक खेळाची नसून बोलण्याची असावी : कोणते विषय नकोत, किती भीती चालेल. टेबलाच्या मधोमध फुलीचे एक कार्ड ठेवतात. कोणीही त्याला हात लावला की तो प्रसंग कारण न विचारता वगळायचा. 'शांतता राखा' ही पाटी ज्या दालनात आहे तिथे हा खेळ घेऊ नये, कारण हसणे-ओरडणे आवरत नाही आणि आवरायला लावणे अन्याय आहे. वेळ दोन तासांची, आणि ती गावाकडच्या शेवटच्या बसच्या हिशेबाने ठरवावी. चतुर्थीच्या आधी आणि दिवाळीआधी नरकासुराचे पुतळे बांधण्याच्या दिवसांत मुले फिरकत नाहीत, तेव्हा खेळ मांडूच नये.

पुस्तकाच्या किमान दोन प्रती लागतात. एक टेबलावर राहते, दुसरी बैठक संपताच कोणीतरी घरी नेते, पुढच्या खेपेला सूत्रधाराला अडवण्यासाठी.