सीलबंद किरणोत्सारी स्रोतांची गळती: चाचणी आली कुठून?

गळती तपासायची गरज पहिल्यांदा भासली ती रेडियममुळे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कर्करोगावर रेडियमच्या सुया वापरत. प्लॅटिनमची बारीक नळी, आत रेडियमचा क्षार. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्म्यावर यायला लागणारा काळ, सुमारे १६०० वर्षं, म्हणजे डॉक्टर निवृत्त झाले तरी सुई तीच. पण विघटनातून आत रेडॉन आणि हेलियम हे वायू साठत जातात, दाब वाढतो. त्यात निर्जंतुकीकरणासाठी वारंवार उकळणं, कधी हाताळताना वाकणं. कुठेतरी बारीक चीर पडायचीच.

एका अर्थी रेडियम स्वतःच चुगली करायचं. सुई बंद नळीत कोळशासोबत दिवसभर ठेवायची, मग काढून घ्यायची आणि कोळशातला किरणोत्सार मोजायचा. त्यात रेडॉन सापडला की सुई बाद.

कोबाल्ट-६० आणि सीझियम-१३७ आले तेव्हा ही सोय गेली, कारण त्यांतून असा वायू निघत नाही. मग आली वाइप टेस्ट, म्हणजे पुसून पाहणं. ओलसर कापूस किंवा गाळणकागद चिमट्यात धरून स्रोतावरून फिरवायचा आणि किरणोत्सार मोजणाऱ्या काउंटरखाली ठेवायचा. थेरपी मशीनमधल्या जहाल स्रोताला हात लावणं शक्यच नसतं, तिथे जवळची पोहोचेल अशी कड पुसतात. अमेरिकी नियमांत पुसून आलेल्या किरणोत्साराची मर्यादा १८५ बेकरेल (सेकंदाला १८५ विघटनं), आणि चाचणी साधारण दर सहा महिन्यांनी. नवा स्रोत कारखान्यातून निघण्याआधीच्या चाचण्यांसाठी १९९२ पासून आयएसओ ९९७८ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात गरम पाण्यात बुडवणं, बुडबुडे पाहणं, हेलियमची गळती मोजणं असे प्रकार येतात.

तरीही १९८८ मध्ये अमेरिकेत जॉर्जियातल्या डेकेटर इथे व्हायचं ते झालंच. वैद्यकीय साहित्य निर्जंतुक करणाऱ्या कारखान्यात सीझियम क्लोराइडच्या २५२ कुप्या होत्या, पोलादाच्या दुहेरी आवरणातल्या. त्या पाण्याच्या टाकीत ठेवत; वापरासाठी वर काढल्या की तापायच्या, पाण्यात सोडल्या की गार व्हायच्या. त्यातली एक गळली. सीझियम क्लोराइड मिठासारखं विरघळतं, त्यामुळे टाकीचं सगळं पाणीच दूषित झालं. सफाईचा खर्च चार कोटी डॉलरांच्या वर गेला. आधीच्याच वर्षी ब्राझीलमधल्या गोयानियात भंगारात फोडलेल्या स्रोताने चार जीव घेतले होते. तो प्रकार गळतीचा नव्हे, पण आतला पदार्थ हाच.

माझ्या मते खरा दोष चाचणीत नव्हता, भरलेल्या पदार्थात होता. कोबाल्ट हा धातू, पाण्यात सहजी विरघळत नाही. कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून लासलगावला २००२ मध्ये उभारलेल्या 'कृषक' केंद्रातही कोबाल्ट-६० च आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने सीझियम क्लोराइडच्या नव्या स्रोतांना परवाने देणं थांबवा असं सुचवायला मात्र २००८ उजाडलं.